तीन वैद्य आणि एक ग्लोरिया

दिवाळी अंकात कादंबरीकाराने समीक्षा लिहायची म्हणजे एखाद्या कादंबरीवर लिहावी, असा रिवाज आहे. संपादकांनीही तीच अपेक्षा धरली असणार. पण या वर्षभरात ज्या कृतीने माझ्या डोक्याला भुंगा लावला ती कादंबरी नव्हे, नाटकही नव्हे. आणि तिच्या कर्त्यांनी तर तिला कलाकृती म्हटलेलेच नाही. ती एक शैक्षणिक चित्रफीत आहे. १९६४ साली अमेरिकेत घेतलेली, १९६५ साली बाहेर आलेली, मानसोपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काढलेली. ‘मानसोपचाराच्या तीन पद्धती’ असा तिच्या नावाचा अर्थ. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कोणाला जड वाटेल. पण घरोघरी दिवाळीला माणसे जमतात तेव्हा कोण जास्त बोलते, कोण गप्प बसते आणि कोण स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून येते, हे ज्याने एकदा तरी पाहिले आहे, त्याला हा विषय परका नाही.

मे महिन्यात माझी भाची सुट्टीला आली, ती ही चित्रफीत घेऊन. मुलगी पुण्याला मानसशास्त्र घेऊन एम. ए. करते. मी गहू निवडत बसले होते. “आत्या, तू माणसांवर कादंबऱ्या लिहितेस ना? मग हे बघ,” असे म्हणून तिने आपला लॅपटॉप परातीशेजारी ठेवला. गहू त्या दिवशी तसाच राहिला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; त्यापुढे चित्रकला शिक्षकाची पदविका, आणि गेली वीस-बावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवणे. इंग्रजी आहे ते मॅट्रिकचेच. तेव्हा पहिल्यांदा भाचीने मध्येमध्ये थांबवून अर्थ सांगितला. दुसऱ्यांदा मी एकटीने आवाज बंद करून पाहिली. तिसऱ्यांदा आवाजासकट. चित्रकलेच्या बाईने आवाज बंद करून पाहिलेले म्हणजे काय, ते पुढे सांगते.

रचना अगदी साधी आहे. तीस वर्षांची एक बाई; चित्रफितीत तिचे नाव ग्लोरिया एवढेच. नुकताच घटस्फोट झालेला, पदरात मुले. तिचा स्वतःचा उपचारक एव्हरेट शॉस्ट्रम हाच या चित्रफितीचा निर्माता. त्याने तिला एकाच दिवशी तीन नामांकित मानसोपचारतज्ज्ञांसमोर एकामागून एक बसवले. पहिला कार्ल रॉजर्स, दुसरा फ्रिट्झ पर्ल्स, तिसरा अल्बर्ट एलिस. रॉजर्सला अर्धा तास, बाकीच्यांना त्याहूनही कमी. प्रत्येकाने आधी आपली पद्धत समजावून सांगायची, मग ग्लोरियाशी बोलायचे आणि ती गेल्यावर आपले कसे झाले ते सांगायचे. शेवटी ग्लोरियाला विचारायचे, की बाई, तुम्हाला कोण भावला? एकच प्रतिमान समोर बसवून तीन चित्रकारांनी आपापले चित्र काढावे, तसा हा प्रकार.

हे तिघे कोणाविरुद्ध उभे होते ते थोडक्यात सांगायला हवे. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने बोलण्यातून मनाचा आजार बरा करण्याची जी रीत घालून दिली, तिच्यात रोगी कोचावर पडून मनात येईल ते बोलत राही, डॉक्टर त्याच्या नजरेआड बसे, आणि बालपणाचे थर खणत वर्षामागून वर्षे जात. पर्ल्स आणि एलिस या दोघांनीही आधी त्याच शाळेत धडे गिरवले होते आणि दोघेही तिला कंटाळून बाहेर पडले होते. रॉजर्स तिथे कधी नव्हताच. तो आधी शेतकीचे शिक्षण घ्यायला गेला, मग धर्मोपदेशक व्हायला निघाला, आणि ते सोडून मुलांच्या मनाकडे वळला. कोच तिघांनीही फेकून दिला. खुर्ची समोर ओढली. पण खुर्चीत बसून करायचे काय, याबद्दल तिघांचे तीन रस्ते.

रॉजर्सपुढे ग्लोरिया जो प्रश्न ठेवते तो ऐकून मला वाटले, की हिच्या जागी मी असते तर हा प्रश्न मी कॅमेऱ्यापुढे काय, देवापुढेही ठेवला नसता. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने तिला विचारले होते, की बाबांपासून वेगळी झाल्यावर तुझा दुसऱ्या कुणाशी संबंध आला का? आणि ग्लोरियाने ‘नाही’ सांगितले होते. ते खोटे होते. या मुलीशी ती आजवर कधी खोटे बोललेली नव्हती. आता तिला टोचते आहे. पण खरे सांगितले तर मुलीच्या मनात आपले काय होईल, याचीही धास्ती आहे. ती रॉजर्सला सरळ विचारते: मुलीला खरे सांगू का? सांगितले तर तिच्यावर वाईट परिणाम होईल का?

आपल्याकडे अशा प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांची कधी टंचाई पडलेली नाही. मी स्वतः तर पहिल्या पाच मिनिटांत उत्तर देऊन मोकळी झाले असते. रॉजर्स देत नाही. उत्तर टाळतो असेही नाही. तो कबूल करतो, की तुला उत्तर देता आले असते तर मला आवडले असते, पण ही इतकी तुझी स्वतःची गोष्ट आहे, की तुझ्यावतीने मी ती ठरवू शकत नाही. मग तो तिचेच बोलणे जरा अधिक उजेडात धरून तिच्या हातात परत देत राहतो. पहिल्या पाहण्यात मला याचा राग आला. वाटले, हा माणूस फी घेऊन पोपटपंची करतो आहे. रॉजर्सवर हा आक्षेप पुष्कळांनी घेतलेला आहे, असे भाची म्हणाली. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहिले आणि माझे मत फिरले. तो पुढे वाकून, मान तिरपी करून बसला आहे, आणि त्याच्या अंगाचा कणन्‌कण तिच्याकडे आहे. ग्लोरियाचे खांदे हळूहळू खाली येतात. वर्गात मूल भिंतीपासून सुटून बाकावर नीट बसते तेव्हा जसे येतात, तसे.

आणि ती स्वतःच पोचते. तिला मुलीशी खोटे बोलल्याचे दुःख आहेच, पण त्याच्या तळाशी दुसरे आहे. ती स्वतःच स्वतःला मान्य नाही, मग मुलीने मान्य करावे ही अपेक्षा कशी धरणार? हे रॉजर्सने सांगितलेले नाही. अखेरीस ती वडिलांबद्दल बोलते, तिच्याशी कधी असे बोलू न शकलेल्या वडिलांबद्दल. आणि म्हणते, की तुमच्यासारखे वडील मिळते तर बरे झाले असते. फ्रॉइडच्या घराण्यातला कुणी असता तर या वाक्यावर त्याने लगेच भिंग धरले असते. रॉजर्स एवढेच म्हणतो, की मुलगी म्हणून तू मला छान वाटतेस. हा वैद्यकीचा क्षण की वैद्यकीतून सुटण्याचा, यावर जाणत्यांचे वाद झाले आहेत. मला तो चित्रफितीतला सर्वांत खरा क्षण वाटतो.

रॉजर्सने पुढे १९८० सालच्या एका पुस्तकात आपल्या बालपणीची आठवण सांगितली आहे. हिवाळ्यासाठी तळघरात साठवलेल्या बटाट्यांना कोंब फुटत. पांढरे, अशक्त, आणि दूरच्या झरोक्याच्या दिशेने वाढत जाणारे. ते कधी झाड होणार नव्हते, पण वाढायची त्यांची धडपड थांबत नव्हती. मनाचे आजार झालेली माणसे त्याला तशी दिसत. ज्यांच्या घरात पावसाळ्यात कॉटखाली बटाटे पसरलेले असतात त्यांना हा दृष्टांत समजावून सांगायला नको. मला मात्र त्यात एक उणीव दिसते. बटाटा झरोक्याकडे वळतो हे खरे. पण काही बटाटे कुजतातही, आणि तिथे नुसता झरोका उघडून भागत नाही. याचा विचार पुढे येईलच.

आता पर्ल्स. हा बर्लिनचा, १८९३ सालचा. पहिल्या महायुद्धाचे खंदक पाहिलेला, तरुणपणी नाटकाचा नाद असलेला, १९३३ साली हिटलरच्या जर्मनीतून पळालेला, पुढे दक्षिण आफ्रिकेत आणि मग न्यूयॉर्कला गेलेला. त्याच्या पद्धतीत काल नाही, उद्या नाही. या घटकेला या खुर्चीत काय चालले आहे तेवढेच. ग्लोरिया येऊन बसते आणि सांगते, की मला भीती वाटते आहे. तिथेच तो तिला पकडतो. भीती वाटते म्हणतेस आणि हसतेस कशी? खरोखर भ्यालेला माणूस हसत नाही. तिचा पाय हलतो, तो म्हणतो हलव, आणखी हलव. ती छातीवर हात ठेवते, तो विचारतो हा हात काय करतो आहे. लहानपणी आपण कोपऱ्यात जाऊन लपत असू, असे तिला आठवते. मग तो तिला ढोंगी म्हणतो. ती चिडते. तो आणखी डिवचतो. ती आणखी चिडते, आणि चिडल्यावर, हे कबूल केले पाहिजे, खरी दिसू लागते.

आवाज बंद करून पाहावे तर पर्ल्सचेच दृश्य सर्वांत बोलके. आमच्या धंद्याचा माणूस आहे तो. रेषा पाहतो. तोंड एक सांगते आणि हात दुसरे सांगतो, हे त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. मी एलिमेंटरीच्या मुलांना स्मरणचित्र काढायला सांगते, तेव्हा चेहरे सगळे हसरे काढतात. हात कसे काढलेत ते पाहिले की घरची गोष्ट कळते. तेव्हा पर्ल्सच्या नजरेला माझा नमस्कार. पण नजर तीक्ष्ण आहे म्हणून टोचण्याचा परवाना मिळतो का? ग्लोरिया त्याच्याकडे आदर मागते, अगदी शब्दांनी मागते, आणि तो त्या मागणीलाही तिचे नाटक समजतो. चित्रीकरण संपल्यावरची एक हकीगत पुढे प्रसिद्ध झाली आहे. खुद्द ग्लोरियाने सांगितलेली. पर्ल्सने तिला ओंजळ पुढे करायची खूण केली, आणि त्या ओंजळीत आपल्या सिगारेटची राख झटकली. मी ही हकीगत कादंबरीत लिहिली असती तर संपादक म्हणाले असते, बाई, जरा भडक होते आहे.

तिसरा एलिस. याच्याशी आपण मराठी माणसे थोडी ओळख सांगू शकतो. कि. मो. फडके यांनी या अल्बर्ट एलिसशी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला, त्याचे विचार मराठीत आणले आणि त्यांवर पुस्तके लिहिली. त्यामुळे एलिसचे नाव महाराष्ट्रात कुठल्याही खेड्यातल्या वाचनालयात निघू शकते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्याला घटना दुःख देत नाही, घटनेबद्दल आपण मनाशी जे घोकतो ते दुःख देते. ‘त्याने मला नाकारले’ ही घटना. ‘त्याने मला नाकारता कामा नये होते, आता मी कवडीमोल झाले’ हे घोकणे. पहिले गैरसोयीचे आहे, दुसरे खोटे आहे. ते खोटे शोधा, त्याच्याशी वाद घाला, आणि मग बाहेर पडून ज्याची भीती वाटते तेच करा. एपिक्टेटस नावाच्या जुन्या तत्त्ववेत्त्याचा हा विचार एलिसने १९५५ च्या सुमारास उपचाराच्या कामाला जुंपला. त्याने तो आधी स्वतःवर करून पाहिला होता. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला तो इतका लाजे, की अखेर न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बागेत महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या स्त्रियांशी बोलायचे, असे त्याने ठरवले. शंभरेक जणींशी बोलला. एकीने भेटायचे कबूल केले, तीही आली नाही. पण आकाश कोसळले नाही, आणि लाज गेली. आपल्याकडच्या बागेत कोणी हा प्रयोग करू नये. शंभराच्या आधीच पोलीस येतील.

ग्लोरिया एलिसपुढे बसते तेव्हा तिने त्याचे पुस्तक वाचलेले आहे, ती त्याप्रमाणे वागायची खटपटही करते आहे. आवडलेल्या पुरुषाशी बोलताना आपण अवघडतो, हा तिचा प्रश्न. आणि एलिस सुरू होतो. सांगतो ते बरोबर असते. पण काय त्याचा वेग! ती तोंड उघडते तोवर त्याचा पुढचा मुद्दा तयार. तिचे अर्धे राहिलेले वाक्य तो स्वतः पुरे करतो, वर त्याचे खंडनही करतो. फळ्यावर लिहिता लिहिता तास संपण्याच्या घंटेशी शर्यत लावणारा गणिताचा मास्तर मला आठवला. नंतर मीच आठवले. एलिसने पुढे स्वतःच मान्य केले, की त्या थोड्या वेळात आपण फार काही कोंबू पाहिले. हा त्याचा प्रांजळपणा. पण चित्रफितीतला एलिस तसाच राहिला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी तोच पाहिला.

एक विचार इथे मनात येतो. आपल्या समर्थांचे मनाचे श्लोक २०५. तेही मनाशी वादच घालतात, मनाला सांगतात, समजावतात, कधी दटावतात. एलिसचे आणि त्यांचे जमले असते. पण समर्थ मनाला ‘सज्जन’ म्हणून हाक मारतात, आणि मग बोलायला लागतात. चित्रफितीत एलिसने ती हाक मारलेली नाही. तेवढा एक शब्द राहून गेला.

चित्रफितीच्या अखेरीस ग्लोरियाला विचारतात, तेव्हा ती पर्ल्सचे नाव घेते. सध्याच्या माझ्या अवस्थेत मला सर्वांत उपयोगी पर्ल्सच, असे सांगते. ऐकून मी चाट पडले. भाची मात्र हसली, म्हणाली, “सगळ्यांना इथेच धक्का बसतो.” पण जरा विचार केला की वाटते, यात धक्का कसला? डिवचल्यावर रक्त सळसळते, आणि सळसळण्यालाच आपण जिवंतपणा समजतो. रागीट मास्तरांनीच आम्हाला घडवले असे सांगणारी माणसे प्रत्येक स्नेहसंमेलनात भेटतात. त्या दिवशीचे उत्तर ते त्या दिवशीचे. साधारण वर्षभराने एका सभेत रॉजर्सशी तिची गाठ पडली तेव्हा ती पर्ल्सवर रागावलेली होती. रॉजर्सशी तिचा पत्रव्यवहार सुरू झाला तो मरेपर्यंत चालला. तुम्हा दोघा नवरा-बायकोंना मी मनाने आई-वडील मानले तर चालेल का, असे तिने विचारले आणि दोघांनी होकार दिला. १९७९ साली ती रक्ताच्या कर्करोगाने गेली. अर्ध्या तासाची ओळख, आणि पंधरा वर्षांचे नाते. रॉजर्सने तिच्या निधनानंतर हे सारे लिहून ठेवले.

म्हणून रॉजर्स जिंकला का? मूळ प्रश्नच तसा विचारण्याजोगा नाही, आणि इथे या चित्रफितीच्या कर्त्याला दोष द्यावा लागतो. त्याने तीन पद्धतींची तुलना म्हणून जे दाखवले ती तुलनाच नव्हे. तिघांपुढे तिने ठेवलेले प्रश्न वेगळे. पहिल्यापुढे ती ताजी, तिसऱ्यापुढे दमलेली. रॉजर्सकडे रडून झाल्यावर पर्ल्सकडे चिडायला मोकळी. एका माणसाचा स्वभाव कुठे संपतो आणि त्याची पद्धत कुठे सुरू होते, हेही कळायला मार्ग नाही. पर्ल्सची पद्धत एखाद्या मवाळ माणसाच्या हातात निराळी दिसेल. एलिसची पद्धत धीम्या बोलण्याने चालवणारे आपल्याकडे आहेतच.

ही तुलना इतरांनी निराळ्या मार्गाने करून पाहिली आहे. सॉल रोझेनझ्वाइग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३६ सालीच म्हटले होते, की निरनिराळ्या पद्धतींचे यश साधारण सारखेच दिसते, तेव्हा गुण पद्धतीत नसून सर्वांत समान असलेल्या कशात तरी असावा. त्याने अॅलिसच्या गोष्टीतल्या डोडो पक्ष्याचा दाखला दिला. शर्यत संपल्यावर तो पक्षी सर्वांनाच बक्षीस जाहीर करतो. १९५२ साली लंडनच्या आयसेंकने उलटा बाँब टाकला: उपचार घेणारे काय आणि न घेणारे काय, दोन-तृतीयांश माणसे दोन वर्षांत बरी होतातच! त्यावर पुष्कळ धुरळा उडाला. १९७७ साली स्मिथ आणि ग्लास या दोघांनी ३७५ अभ्यास एकत्र तपासून दाखवले, की उपचाराचा गुण निश्चित येतो; पद्धतीपद्धतींतला फरक मात्र फार नाही. उपचारक आणि रोगी यांच्यात विश्वास जुळणे ही मोठी गोष्ट, हे आज बहुतेक मानतात.

बहुतेक, पण डोडोचा निकाल मी तरी सरसकट मान्य करणार नाही. मंत्रचळ घ्या. हात धुतल्यावर पुन्हा धुणे, कडी लावल्यावर पुन्हा लावणे. आपल्या भाषेत या आजाराला इतका नेमका शब्द आहे, याचा अर्थ तो घरोघरी होता. अशा माणसाला समजूतदारपणे नुसते ऐकून घेतले तर तो समजूतदारपणे हात धूत राहील. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयरने अशा रोग्यांना ज्याची किळस तेच हाताळायला लावले आणि नंतर धुण्यापासून रोखले. भीती चढते, शिगेला पोचते आणि न धुताच उतरते, हे रोग्याने अंगाने अनुभवायचे. ती रीत आजही चालते, आणि या आजारात तिचा गुण इतर बोलण्यापेक्षा सरस ठरला आहे. घोर उदासीनतेत एलिसच्या कुळातली, पुढे अॅरन बेकने वाढवलेली विचारांची तपासणी उपयोगी पडते. छिन्नमनस्कतेसारख्या आजारात तर औषधाला पर्याय नाही. बोलणे औषधाच्या जोडीला. कुजणाऱ्या बटाट्याचे मी म्हटले होते ते हेच.

आणखी एक मत खोडायचे आहे. ते म्हणजे, आपल्याकडे हे उपचार लागतच नव्हते, वाड्याच्या ओट्यावर बायका बोलून मोकळ्या होत, हे. मी वाड्यात वाढले आहे. ओट्यावर बोललेले संध्याकाळपर्यंत चारी बिऱ्हाडांत पोचे, आणि बोलणारीला पुढे वर्षभर त्याचे व्याज भरावे लागे. ज्यांना खरे दुःख होते त्या ओट्यावर बसतच नसत. या तिघा वैद्यांच्या पद्धतींत कितीही फरक असो, एक अट तिघांनाही सारखीच लागू होती: सांगितलेले खोलीबाहेर जाणार नाही. आणि नेमकी तीच अट या चित्रफितीने मोडली.

ग्लोरियाच्या समजुतीप्रमाणे ही चित्रफीत केवळ शिकवण्याच्या कामाची होती. ती दूरचित्रवाणीवर आणि चित्रपटगृहांतही दाखवली गेली. त्या नऊ वर्षांच्या मुलीने मोठेपणी, २००८ साली, या चित्रफितीच्या छायेतल्या आपल्या घराबद्दल पुस्तकच लिहिले. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर मुलीला द्यावे की न द्यावे, यासाठी आई अर्धा तास रडली, ते उत्तर जगाने पाहिले. तीन पंडितांपैकी एकाच्याही पद्धतीत याला जागा नव्हती. उपचार कसे करावे यावर तिघे बोलतात. समोरच्या बाईचे उद्या काय होईल, हे कोणी बोलत नाही. चित्रफितीचा विषय ती नव्हतीच. विषय ते तिघे होते.

हे वाक्य लिहिले आणि लेखणी ठेवून उठले. कारण माझी पहिली कादंबरी. तिच्यातली नायिका लग्नाआधी एकाला पत्रे लिहिते, ती पत्रे पुढे सासरच्या ट्रंकेत निघतात, आणि तिचा नवरा ती न वाचता चुलीत घालतो, असा प्रसंग आहे. वाचकांनी त्याचे फार कौतुक केले. तो मी रचलेला नाही. मिरजेच्या माझ्या मावशीने एका उन्हाळ्यात, पापड लाटता लाटता, मला एकटीला सांगितलेला आहे. मी काही विचारले नव्हते. मी नुसती लाट्या करून देत होते आणि ऐकत होते. म्हणजे रॉजर्सची अर्धी विद्या मला त्या वेळी न शिकता येत होती. उरलेली अर्धी येत नव्हती.

पुस्तक मी मावशीला पहिल्या प्रथम दिले. मोठ्या ऐटीत, सही करून. आठ दिवसांनी तिने सांगितले, “छान झालंय हो पुस्तक.” ‘हो’ तिने मला यापूर्वी कधी लावले नव्हते. तेव्हापासून ती माझ्याशी सगळे बोलते. हवापाणी बोलते, गुडघे बोलते, कोणाचे बारसे कधी ते बोलते. मी वर्षानुवर्षे स्वतःला समजावत आले, की नाव बदलले, गाव बदलले, ओळखणार कोण? एलिसच्या भाषेत सांगायचे तर घटना तेवढी वाईट नव्हती. पण ओळखणारी एक होती.

भाचीने जाताना मला विचारले, “आत्या, तुला जावं लागलं तर तू कोणाकडे जाशील?” मी म्हटले, “मंत्रचळ लागला तर मेयरकडे. एरवी रॉजर्सकडे. पण कॅमेरा बाहेर ठेवून.”

“आणि पर्ल्सकडे?”

“त्याला आमच्या इंटरमिजिएटच्या वर्गाला परीक्षक म्हणून बोलवेन.”

या लेखात मावशीचे आले आहे ते तिला विचारून. तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. चौथ्यांदा केला. कादंबरीचे बोलले, तेव्हाचेही बोलले; आणि आता दिवाळी अंकात लिहू का, असे विचारले. पलीकडे बराच वेळ काही नव्हते. मग ती म्हणाली, “या वेळी विचारलंस.” मी थांबून राहिले. ती पुढे काही बोलली नाही. मग मी चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारले आणि तिने ते सांगितले. तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, धणे-जिरे अंदाजाने.